रजिस्टरात राहून गेलेली नोंद



मे महिना आहे. तेल्हाऱ्यात सकाळी नऊलाच ऊन अंगावर धावून येते. दुपारी दारे-खिडक्या लावून घरात बसण्यावाचून दुसरे काम नसते. अशाच एका दुपारी आमच्या वस्तीतील एक मुलगी पेढे घेऊन आली. नर्सिंगला नंबर लागला म्हणून तिचा आनंद तोंडावर मावत नव्हता. तिची आजी आमच्या हाताखाली बाळंत झालेली, आईला आम्ही टी.टी.ची इंजेक्शने दिलेली. तेव्हा हा आनंद आमच्याही घरचाच होता. जाता जाता तिने विचारले, "आजी, नर्सने सगळ्यात आधी काय शिकावं?" आम्ही हसून म्हटले, "हात धुवायला शिक, बाई." उत्तर खोटे नव्हते. साबणाने धुतलेल्या हातांनी जेवढे जीव वाचविले असतील, तेवढे क्वचितच एखाद्या महागड्या औषधाने वाचविले असतील. पण ती गेल्यावर आमचे मन स्वस्थ बसेना. तिला खरे उत्तर दिले नाही असे वाटत राहिले. ते उत्तर दारात उभ्याउभ्या देण्यासारखे नाही, म्हणून आज या सदरात देत आहोत.

१२ मे हा जागतिक परिचारिका दिन. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंचा हा जन्मदिवस. जन्म १८२० सालचा. हातात कंदील घेऊन रात्री जखमी सैनिकांमध्ये फिरणारी बाई एवढेच आपण शाळेत शिकतो. त्यापुढचे फार कोणी सांगत नाही. क्रिमियाच्या युद्धावरून त्या १८५६ मध्ये परतल्या आणि पुढच्याच वर्षी आजारी पडल्या. नंतरची पुष्कळ वर्षे त्यांनी अंथरुणावर व खोलीतच काढली. पण त्या अंथरुणावरूनच त्यांनी पत्रे लिहिली, अहवाल लिहिले, आकडे मांडले. शुश्रूषेवरचे त्यांचे प्रसिद्ध पुस्तक १८५९ सालचे, म्हणजे आजारपणातले. भारतात त्या कधी आल्या नाहीत; तरी इथले पाणी, इथली गटारे, इथले दुष्काळ यांवर त्या लिहीत राहिल्या. शेवटी दृष्टी गेली. १९१० साली ९० वर्षांच्या होऊन त्या वारल्या. म्हणजे त्या बाईंच्या आयुष्यात कंदिलाची वर्षे दोन आणि लेखणीची पन्नास. ही गोष्ट आम्हाला फार उशिरा कळली आणि कळली तेव्हा धीर आला. पाय थकले म्हणजे नर्स संपली असे नाही.

आम्ही नोकरीला लागलो १९७४ साली, ए.एन.एम. म्हणून. आरोग्य खात्याच्या कागदावर हे नाव. गावात मात्र 'नर्सबाई'. त्या काळी एकेका नर्सबाईकडे दहा-दहा हजार वस्ती असे. उपकेंद्र म्हणजे भाड्याची एक खोली. त्यातच स्टोव्ह, त्यातच आमची चूल. काचेची पिचकारी आणि सुया पातेल्यात वीस मिनिटे उकळायच्या, गार होऊ द्यायच्या, मग पिशवी खांद्याला लावून निघायचे. पावसाळ्यात वऱ्हाडातली काळी माती चप्पल सोडत नाही. ती हातात घेऊन चालायचे. उत्तरेला सातपुड्याची निळी रेघ दिसायची आणि दक्षिणेकडे पूर्णेच्या बाजूने खारपाणपट्टा. तिकडच्या गावी गेलो की विहिरीचे पाणी तोंडात धरवत नसे. बाया गोड पाण्यासाठी कोसभर जात. पोटुशी बाईसुद्धा डोक्यावर हंडा घेऊन जाताना दिसे.

या सगळ्या कामात एक काम रात्रीचे असे, ते लिहिण्याचे. दिवसभर पाहिले ते रात्री कंदिलाच्या उजेडात रजिस्टरात उतरवायचे. गरोदर मातांचे वेगळे, जन्माचे वेगळे, मृत्यूचे वेगळे, लसींचे वेगळे, नसबंदीच्या टार्गेटचे तर सर्वांत वेगळे. ट्रेनिंगमध्ये आमच्या सिस्टर ट्यूटर एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगत. रुग्णाला 'बरे वाटते' असे लिहू नका. ताप किती, नाडी किती, किती वाजता, पाणी किती प्याला, लघवी किती झाली ते लिहा. तुम्हाला काय वाटले ते लिहू नका, काय दिसले ते लिहा. कारण रात्रपाळीची नर्स सकाळी घरी जाते. दिवसपाळीच्या नर्सला रुग्ण कळतो तो या कागदावरूनच. कागद खोटा असेल तर दुसऱ्या नर्सचा हातही चुकीच्या जागी पडतो. हे आम्ही परीक्षेत लिहून चांगले मार्क मिळविले होते.

गावात आमच्या आधीची नर्स म्हणजे सुईण. वऱ्हाडात हे काम बहुतेक ठिकाणी आपल्या किंवा मातंग समाजाच्या बायांकडे असे. अडलेल्या बाईच्या पोटावर हात फिरवून मूल आडवे की उभे हे त्या अचूक सांगत. पण नाळ कापायला हाताशी येईल ते वापरीत आणि वर राख किंवा शेण लावीत. मग सातव्या-आठव्या दिवशी बाळाचे तोंड आवळायचे, दूध पिईना, अंग धनुष्यासारखे वाकायचे आणि बाळ जायचे. लोक म्हणत, बाहेरची बाधा झाली. तो धनुर्वात होता. आईला टी.टी.ची दोन इंजेक्शने आणि नाळेला नवे पाते, उकळलेला दोरा, एवढ्याने तो आटोक्यात आला. भारतातून माता व नवजात बालकांच्या धनुर्वाताचे उच्चाटन झाल्याचे २०१५ साली जाहीर झाले, तेव्हा आम्हाला पहिल्यांदा त्या सुईणी आठवल्या. त्यांना आम्ही पाते उकळायला शिकविले. धीर कसा द्यायचा ते त्यांनी आम्हाला शिकविले. त्यांच्या नावाची नोंद मात्र कुठल्याच रजिस्टरात नाही.

धम्माच्या वाचनात शुश्रूषेची एक कथा येते, ती आपल्यापैकी अनेकांनी विहारात ऐकली असेल. एक भिक्खू पोटाच्या आजाराने स्वतःच्याच मलमूत्रात पडून होता. तो कोणाच्या उपयोगी पडला नव्हता, म्हणून कोणी त्याच्याकडे पाहत नव्हते. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले; मग एकाने डोक्याकडून व एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजविले. त्याच प्रसंगी विनयपिटकात चांगल्या शुश्रूषकाचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध देता यावे. पथ्य काय, अपथ्य काय हे कळावे. त्याने लोभाने नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, ओकारी काढताना त्याला किळस येऊ नये. आणि चांगल्या शब्दांनी रुग्णाचे मन प्रसन्न करता यावे. अडीच हजार वर्षांपूर्वीचा हा नर्सिंगचा अभ्यासक्रमच म्हणा ना. यातला पहिला, दुसरा आणि चौथा गुण आमच्यात होता, असे आम्ही छातीवर हात ठेवून सांगू. तिसऱ्या गुणाच्या परीक्षेत आम्ही एकदा नापास झालो. आज सांगायचे आहे ते हेच.

साल १९७७. आणीबाणी नुकतीच उठली होती. नसबंदीच्या भीतीने लोक नर्सबाई दिसली की दारे लावून घेत. आम्ही तेव्हा २४ वर्षांच्या होतो. गावाचे नाव सांगत नाही. ते आज पुष्कळ बदलले आहे आणि दोष त्या एका गावाचा नव्हता. एका मोठ्या घरची सून गरोदर होती. तिसरी खेप. पाचव्या महिन्यात आम्ही तिला तपासायला गेलो. सपरीतच उभे केले. सुनेला बाहेर बोलावले, आम्ही तिची पापणी खाली ओढून पाहिली. आतली कड लाल असायला हवी, ती पांढुरकी होती. रक्त कमी होते. लोहाच्या १०० गोळ्यांपैकी काही दिल्या, बाकीच्या पुढच्या भेटीत देतो म्हटले. तेवढ्यात चहा आला. तो वळचणीला खोचून ठेवलेल्या कपात आला, आणि पिऊन झाल्यावर कप आम्हीच धुऊन परत तिथेच खोचावा असे सासूबाईंनी बोटाने दाखविले. आम्ही कप धुतला, खोचला आणि बाहेर पडलो. रस्त्याने डोळ्यांना धारा लागल्या होत्या. त्या घराची पायरी बोलावल्याशिवाय चढायची नाही, असे त्याच दिवशी मनाशी ठरविले.

सातव्या महिन्याची भेट आली. आम्ही गेलो नाही. रात्री रजिस्टर उघडले आणि लिहिले, 'भेट दिली. गोळ्या दिल्या. प्रकृती ठीक.' आठव्या महिन्यात पुन्हा तेच लिहिले. दोन ओळी, खाली आमची सही.

दिवाळीनंतर कापसाची वेचणी चालू होती. एका संध्याकाळी गावची सुईण उपकेंद्रावर आली. म्हातारी आमच्याच समाजाची. म्हणाली, "नर्सबाई, त्या घरच्या सुनेले कळा सुरू झाल्या. पायावर सूज हाय, तोंड पांढरंफक पडलं. मले काई बरोबर दिसत नाई वं. तू चाल." आम्ही विचारले, "त्यांनी बोलावलं काय?" ती म्हणाली, "नाई." आम्ही म्हटले, "मग आम्ही येत नाही." म्हातारी क्षणभर आमच्याकडे पाहत राहिली आणि अंधारात परत गेली.

मध्यरात्री मुलगी झाली. वार पडायला उशीर झाला आणि नंतर रक्त थांबेना. नर्सबाईला घरात, थेट बाळंतिणीच्या खोलीत घ्यायचे की नाही, यावर त्या घरात बोलणे चालले होते. सुईण त्याच जातीची, पण तिचे येणे रिवाजात बसत होते. आमचे बसत नव्हते. निरोप आला तेव्हा पहाटेचे तीन वाजले होते. आम्ही धावलो. मेथर्जिन टोचले, पोटावरून गर्भाशय चोळून घट्ट करीत राहिलो, बंडी जुंपायला लावली. बंडीत तिचे डोके आमच्या मांडीवर होते. ती पाणी मागत होती. बंडी डांबरी सडकेला लागायच्या आत तिची नाडी लागेनाशी झाली. तिची पापणी आम्ही पुन्हा एकदा खाली ओढून पाहिली. कागदासारखी पांढरी होती. अंगात आधीच रक्त कमी असलेल्या बाईला थोडाही रक्तस्राव सोसत नाही, हे आम्हाला पुस्तकातून पाठ होते.

चौकशी झाली. साहेबांनी रजिस्टर पाहिले. म्हणाले, "भेटी पूर्ण आहेत, गोळ्या दिलेल्या आहेत. तुमची काही चूक दिसत नाही." मृत्यूच्या रकान्यात कारण लिहिले, 'प्रसूतीनंतरचा रक्तस्राव'. ते खोटे नव्हते. पण ती बाई नुसत्या रक्तस्रावाने मेली नाही. अर्धी त्या घराच्या विटाळाने मेली आणि अर्धी आमच्या रागाने. त्या दोन खोट्या ओळींनी आमची नोकरी वाचविली. सुईण मात्र काही दिवसांनी एवढेच म्हणाली, "तुहं इंजेक्शन बरोबर होतं, पोरी. येळ चुकली." तिने आम्हाला दोष दिला नाही, आणि तेच आजवर जास्त लागले आहे.

आमचा अपमान खरा होता. तो झाला नाही असे कोणी म्हणू नये, आणि तो आम्ही विसरावा असेही कोणी सांगू नये. पण अपमान केला होता सासूने आणि पापणी पांढरी होती सुनेची. त्या घरात तिचे किती चालत होते? ज्या सपरीत आम्हाला उभे केले, त्या सपरीत तीही सासऱ्यासमोर बसू शकत नव्हती. एवढी साधी गोष्ट २४ व्या वर्षी कळली नाही.

अशा वेळी आम्हाला सावित्रीमाई आठवतात. त्यांच्या अंगावर शेण-दगड फेकले गेले हे आपण दर जयंतीला सांगतो. त्यांनी पुढे काय केले तेही सांगितले पाहिजे. १८९७ साली पुण्यात प्लेग आला, तेव्हा त्या ६६ वर्षांच्या होत्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे यांच्या माळावर प्लेगच्या रुग्णांसाठी दवाखाना घातला. माई तिथे स्वतः राबत होत्या. मुंढव्याच्या गायकवाडांचा मुलगा प्लेगने आजारी असल्याचे कळले, तेव्हा त्या त्याला स्वतः उचलून दवाखान्यात घेऊन आल्या. त्यातच त्यांना प्लेग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्या गेल्या. कविता लिहिणारी, जोतीरावांना दुष्काळाच्या हकिकती पत्रातून कळविणारी ही बाई. म्हातारपणी तिने पुस्तक खाली ठेवले आणि दुसऱ्याचे मूल उचलले. 'बोलावले आहे काय' असे तिने विचारले नाही.

मेलेल्या बाईची मुलगी जगली. वीस वर्षांनी बदली फिरून आम्ही त्याच भागात आलो, तेव्हा ती पहिल्या बाळंतपणासाठी माहेरी आली होती. रांगेत उभी राहिली, नाव सांगितले आणि आमचा हात कार्डावरच थांबला. आईसारखेच कपाळ. आम्ही तिची पापणी पाहिली, रक्त तपासायला पाठविले, गोळ्या समोर गिळायला लावल्या. तिच्या घरी ठरल्यापेक्षा दुप्पट भेटी दिल्या. चहा दिला तर प्यालो, न दिला तर तसेच आलो. बाळंतपण प्राथमिक आरोग्य केंद्रात झाले. दोघे सुखरूप. तिला मात्र आम्ही काही सांगितले नाही. सांगायला हवे होते काय, हे आजही ठरविता येत नाही.

त्यानंतर काळ झपाट्याने बदलला. नसबंदीचे टार्गेट १९९६ साली गेले. पल्स पोलिओचा पहिला दिवस ९ डिसेंबर १९९५ चा; थंडीत बर्फाची पेटी घेऊन आम्ही शेतातल्या झोपड्यांपर्यंत गेलो. देशातला शेवटचा पोलिओचा रुग्ण जानेवारी २०११ मध्ये सापडला आणि त्याच वर्षी आम्ही निवृत्त झालो. २००५ नंतर गावोगावी आशाताई आल्या. २०१४ पासून १०८ ची गाडी धावू लागली. २०१८-२० या वर्षांत महाराष्ट्रात दर लाख जिवंत जन्मांमागे ३३ माता दगावल्या. सबंध देशात हा आकडा ९७ होता. आमच्या तरुणपणाच्या मानाने ही फार मोठी मजल आहे. पण त्या ३३ जणींच्याही कागदावर कुठेतरी 'भेट दिली' असे लिहिलेले असेल, आणि ते खरे होते की नाही हे लिहिणारीलाच ठाऊक असेल.

आता आमची सत्तरी उलटली आहे. दोन्ही डोळ्यांचे मोतीबिंदू काढून झाले. गुडघे बोलतात. बी.पी.ची गोळी रोजची आहे. आणि वाचकहो, एक कबुली देतो, नर्ससारखी वाईट रुग्ण दुसरी नाही. जन्मभर दुसऱ्याला लोणचे-पापड बंद करायला सांगितले आणि स्वतः ताटात आंब्याचे लोणचे घेतल्याशिवाय घास उतरत नाही. मागच्या पावसाळ्यात चार दिवस चक्कर येत होती. सुनेने विचारले, "आई, बरं नाही काय?" आम्ही म्हटले, "काही नाही, झोप झाली नाही." पाचव्या दिवशी न्हाणीत पडलो. उजवे मनगट मोडले. सहा आठवडे प्लॅस्टर. वेणी सुनेने घातली, घास नातीने भरविले. आणि ज्या हाताने त्या दोन ओळी लिहिल्या होत्या, तोच हात गळ्यात बांधून बसलो.

त्या सहा आठवड्यांत विनयातली ती कथा पुन्हा वाचली. तेव्हा लक्षात आले की तिथे शुश्रूषकाचे पाच गुण आहेत तसे रुग्णाचेही पाच गुण आहेत. त्याने हितकर असेल ते करावे. हितकर गोष्टीतही प्रमाण राखावे. औषध घ्यावे. दुखणे सोसण्याची ताकद ठेवावी. आणि सेवा करणाऱ्याला आजार जसा आहे तसा सांगावा. वाढला तर वाढला, उतरला तर उतरला, तसाच असेल तर तसाच आहे म्हणावे. हा गुण वाचून आम्ही पुस्तक मिटले. नर्सने जसे दिसते तसे लिहावे आणि रुग्णाने जसे आहे तसे सांगावे, या काही दोन गोष्टी नाहीत. सुनेला 'काही नाही' म्हणणे आणि रजिस्टरात 'प्रकृती ठीक' लिहिणे, दोन्हींमागे एकच खोड आहे.

आपल्या बाया सांगत नाहीत. निंदण, वेचणी, ओझी आणि लागोपाठ बाळंतपणे यांनी कितीतरी जणींचे अंग बाहेर येते. वीस-वीस वर्षे त्या ते कापडाने बांधून शेतात जातात, पण लेकीलाही बोलत नाहीत. हसताना, खोकताना लघवी सुटते म्हणून लग्नकार्याला जाणे सोडतात. पाळी बंद होऊन वर्षे लोटल्यावर पुन्हा अंगावर रक्त दिसले, तर 'उष्णता झाली' म्हणून दडवितात. बायांनो, हे रक्त एकदा जरी दिसले तरी त्याच आठवड्यात दवाखाना गाठा; तो कर्करोगाचा इशारा असू शकतो आणि वेळेवर कळला तर उपाय आहे. छातीत दुखत नसलेली गाठ लागली तरी दाखवा. न दुखणारी म्हणजे साधी, असे नाही. खारपाणपट्ट्यातल्यांनी तर बी.पी. आणि मूत्रपिंडाची तपासणी टाळू नये. लाजेने कोणाचा आजार बरा झालेला आम्ही ३७ वर्षांच्या नोकरीत पाहिला नाही.

घरात म्हातारे माणूस असेल तर एक दहा रुपयांची वही आणा. तारीख, बी.पी., साखर, कोणती गोळी किती वाजता घेतली, रात्री किती वेळा उठावे लागले, एवढे लिहा. डॉक्टरपुढे ती वही ठेवा. निम्मे काम होते. आणि त्याच वहीच्या मागच्या पानांपासून म्हातारीला स्वतःचे लिहू द्या. लिहिता येत नसेल तर नातवाने ऐकून लिहावे. आपल्याकडे हे नवे नाही. शांताबाई कांबळे यांनी शिक्षिकेची नोकरी संपल्यावर आपली जीवनकथा लिहिली आणि ती १९८६ मध्ये पुस्तकरूपाने आली. बेबीताई कांबळे फलटणच्या आपल्या दुकानात बसून, घरच्यांपासून लपवून लिहीत होत्या. त्यांचेही पुस्तक १९८६ चेच. या बायांनी लिहिले नसते तर आपल्या आज्यांची चूल, भूक, बाळंतपणे यांची नोंद कुठे सापडली असती? सरकारी रजिस्टरात तेवढ्याला रकानाच नसतो.

मात्र लिहायचे तर दुसऱ्याने आपल्यावर केले तेवढेच लिहून भागत नाही. ते लिहावेच, ते लिहिण्याची हिंमत बाबासाहेबांनी आपल्याला दिली आहे. पण आपल्या हातून झाले तेही त्याच शाईने लिहावे. आम्हाला त्याला पन्नासच्या आसपास वर्षे लागली. तरुणपणी नोकरीचे भय होते, नंतर अब्रूचे. म्हातारपणाचा एक फायदा असा की ही दोन्ही भये हळूहळू गळून पडतात. उरतात थोडे दिवस आणि एक वही.

तेव्हा, पोरी, तुझ्या प्रश्नाचे उत्तर असे आहे. हात धुवायला शीकच. पण त्याबरोबर, जे पाहिले तेच लिहायला शीक. जिथे गेली नाहीस तिथे 'गेले' असे लिहू नकोस. कोणी तुला अपमानाने वागविले तर तेही कागदावर मांड, वरिष्ठांकडे तक्रार कर; आज तुझ्यापाठीशी कायदा आहे, आमच्या वेळेपेक्षा माणसेही जास्त आहेत. मात्र भांडण करायचे ते रुग्णाची पापणी पाहून झाल्यावर. आणि 'बोलावलं काय' असे कधी विचारू नकोस.

त्या सातव्या आणि आठव्या महिन्याच्या रकान्यांत आज आम्ही दुरुस्ती करीत आहोत: भेट दिली नाही. गोळ्या दिल्या नाहीत. प्रकृती पाहिली नाही. खाली सही आमचीच.